किटशिवाय, हाताने बनवलेलं खटक्याचं पेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन तऱ्हेच्या लोकांकडून येतात. काहींकडे लेथ आहे, काही सुतारकाम करतात, आणि उरलेल्यांकडे एक ड्रिल मशीन, दोन कानशी आणि भरपूर हौस. उत्तरं तिघांनाही चालतील अशी लिहिली आहेत. जिथे एक उत्तर दुसऱ्यावर टेकतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किटशिवाय म्हणजे नक्की कशाशिवाय? सगळंच घरी करायचं का?

तयार किटात पितळी नळ्या, टोक, क्लिप, खटका, स्प्रिंग हे सगळं असतं. तुम्ही लाकूड किंवा ॲक्रिलिक कातून नळ्यांवर चढवायचं, की झालं पेन. त्यात वाईट काही नाही, पण पेनाची जाडी, लांबी, पोट कुठे फुगायचं आणि कुठे निमुळतं व्हायचं हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. किट नसेल तर हे सगळं तुम्ही ठरवता.

रिफिल आणि स्प्रिंग मात्र विकतच घ्यायची. बॉलपेनच्या टोकातली गोळी साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान, बहुधा टंगस्टन कार्बाइडची असते. ती घरी बसवायची हौस कुणी धरू नये. जुन्या पेनातला खटका काढून वापरला तर ते ‘किटशिवाय’ धरायचं का, यावर लोक तावातावाने वाद घालतात. मी बेलाशक धरतो. कसा काढायचा ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. सुरुवात कुठून करू? लाकूड आणून ठेवलंय.

लाकूड बाजूला ठेवा आणि दुकानात जाऊन रिफिल आणा. पेन आतून बाहेर बनतं. रिफिलवरून भोक ठरतं, भोकावरून नळी, खटक्याच्या हालचालीवरून लांबी, आणि बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलेल्यांची पेनं दिसायला देखणी असतात, फक्त लिहीत नाहीत.

पहिल्या पेनासाठी पार्कर पद्धतीचीच रिफिल घ्या. १९५४ साली पार्करचं जॉटर हे खटक्याचं पेन आलं आणि त्याच्या रिफिलचा आकार पुढे जगभर इतर कंपन्यांनीही उचलला. त्यामुळे एक रिफिल मिळाली नाही तर दुसऱ्या कंपनीची चालते. लांबी सुमारे ९८ मिमी, अंगाचा व्यास जेमतेम ६ मिमी, टोकाचा साधारण २.३ ते २.५ मिमी. ‘सुमारे’ म्हटलंय ते मनावर घ्या, आणि हातातली रिफिल व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) स्वतः मोजा.

एक गोंधळ नेहमी होतो. या आकाराला ‘जी२’ म्हणतात, आणि पायलट कंपनीच्या एका जेलपेनाचं नावही ‘जी२’ आहे. त्या पेनाची रिफिल साधारण ११ सेंटिमीटर लांब असते. नाव वाचून मागवली तर हमखास चुकीची येते.

३. टिक केलं की बाहेर, टिक केलं की आत. आत नेमकं काय होतं?

बटणाच्या खाली तीन भाग असतात. बाहेर एक स्थिर नळी, तिच्या आतल्या अंगाला उभ्या खोबणी. तिच्यात बटणाला जोडलेला दाबाचा तुकडा, त्याच्या खालच्या कडेला करवतीसारखे दाते. त्याच्याही खाली एक फिरता तुकडा, त्याच्या अंगावर उभ्या कण्या (खोबणीत बसणाऱ्या उंच पट्ट्या) आणि त्या कण्यांची डोकी तिरपी छाटलेली. रिफिल या फिरत्या तुकड्याला टेकते आणि टोकाकडची स्प्रिंग तिला सतत मागे रेटत असते.

बटण दाबलं की फिरता तुकडा खोबणीतून पुढे सरकतो. कण्या खोबणीच्या बाहेर पडल्या की तिरप्या दात्यांमुळे तो किंचित वळतो. बोट उचलल्यावर स्प्रिंग त्याला मागे ढकलते, पण आता कण्यांसमोर खोबण नसते, दोन खोबणींमधला टप्पा असतो. कण्या तिथे अडतात आणि टोक बाहेर राहतं. पुन्हा दाबलं की तुकडा आणखी थोडा वळतो, पुढची खोबण समोर येते आणि रिफिल आत जाते.

यातली एक गोष्ट कामाची आहे: कण्या सुटायला बटण अडकण्याच्या जागेपेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त खाली जावं लागतं. ती जागा ठेवली नाही तर खटका अडकतच नाही. सगळ्यात जास्त तक्रारी या एका कारणाने येतात (प्रश्न १२).

४. जुन्या पेनातला खटका काढून नव्या पेनात बसवता येईल का?

येईल, पण कुठलं पेन फोडताय ते पाहून. धातूच्या, पार्कर रिफिल घेणाऱ्या बऱ्याच पेनांत खटका वरच्या अर्ध्या भागात स्वतंत्र डबीसारखा बसवलेला असतो. तो अखंड निघाला तर काम सोपं होतं.

स्वस्त प्लास्टिकच्या पेनात फसगत होते. त्यात खोबणी वेगळ्या नळीत नसतात, पेनाच्या दांडीच्याच आतल्या भिंतीत ओतलेल्या असतात. नुसतं बटण आणि फिरता तुकडा काढून आणलात तर हातात दोन निरुपयोगी तुकडे राहतात. अशा पेनाची दांडी खोबणी संपतात त्याच्या थोडं खाली बारीक करवतीने कापायची आणि तो अख्खा तुकडा नव्या दांडीत चिकटवायचा. चिकटवताना अराल्डाइट बाहेरच्या अंगालाच आणि थोडंसंच. आत ओघळलं की खटका कायमचा थिजतो. फेविक्विक तर नकोच, ते पाण्यासारखं पसरत थेट खोबणीत जाऊन बसतं.

श्मिटसारख्या जर्मन कंपनीचे सुटे खटकेही विकत मिळतात. एक सुटा भाग म्हणजे किट नव्हे, तेव्हा तेही खुशाल वापरा.

५. मला खटकाही स्वतःच बनवायचाय. सगळ्यात सोपा प्रकार कोणता?

बोल्ट ॲक्शन. दाराची खिट्टी सरकवून खाली वळवतो, तेच काम इथे पेनाच्या अंगावर होतं. दांडीत एक उभी चीर, तिच्या खालच्या टोकाला बाजूला वळण, आणि वळणाच्या शेवटी किंचित मागे जाणारा खाचा. आत ६ मिमी जाडीचा पितळेचा किंवा नायलॉनचा सरकता तुकडा आणि त्यात बसवलेली एक खीळ. खीळ चिरेतून बाहेर डोकावते. अंगठ्याने खाली ढकलून बाजूला वळवली की स्प्रिंगच तिला खाच्यात दाबून धरते. तीन भागांच्या खटक्याचे तिरपे दाते हाताने कापणं फार जिकिरीचं आहे. चीर मात्र कानशीने होते.

चीर पाडताना दोन्ही टोकांना आणि वळणावर आधी पंच मारून भोकं पाडायची, मग बारीक कानशीने ती एकमेकांना जोडायची. त्याआधी नळीत लाकडाची गच्च बसणारी काडी घाला, नाहीतर शिकंज्यात नळी चेपते. चिरेच्या आतल्या कडेला उरलेली कूस (कापताना राहिलेली खरखरीत धार) काढायला विसरू नका. सरकता तुकडा अडतो तो तिथेच.

खिळीसाठी एम३ चा (३ मिमी जाडीचा) बिनडोक्याचा स्क्रू बरा पडतो. सरकत्या तुकड्यात आटे पाडा, तुकडा नळीत सोडा आणि स्क्रू चिरेतून आत फिरवा. हा क्रम उलटा होत नाही: खीळ बसवल्यावर तुकडा नळीत जाणार नाही.

६. चीर किती लांब आणि कुठे? आकडे देऊन सांगा.

रिफिल ९८ मिमी धरू. लिहिताना टोक ३ मिमी बाहेर हवं, आत गेल्यावर ३ मिमी आत. म्हणजे हालचाल ६ मिमीची. आता पेनाच्या टोकापासून मागे मोजा. लिहिण्याच्या स्थितीत रिफिलचं शेपूट ९५ मिमीवर असेल, आत गेल्यावर १०१ मिमीवर. सरकत्या तुकड्याच्या पुढच्या तोंडापासून खिळीचा मध्य १० मिमीवर ठेवला, तर खीळ आरामात असताना १११ मिमीवर आणि लिहिताना १०५ मिमीवर येते.

खाचा १.५ मिमी मागे जाणारा ठेवलाय. म्हणजे खीळ आधी १०३.५ पर्यंत खाली जाणार, वळणार आणि मग १०५ वर मागे येऊन बसणार. मध्यापासून मध्यापर्यंत चीर ७.५ मिमी. खीळ ३ मिमी जाडीची, म्हणून उभ्या चिरेची एकूण लांबी १०.५ मिमी, वर हवा तेवढा किंचित ढिलेपणा.

स्प्रिंगचंही गणित आहे, ते बहुतेक जण सोडून देतात. वेटोळी मोजा आणि त्यांना तारेच्या जाडीने गुणा. पूर्ण दाबल्यावर स्प्रिंग याहून आखूड होऊ शकत नाही. तुमची खीळ १०३.५ वर असताना पुढे उरलेली जागा त्याहून जास्त हवी. कमी असेल तर स्प्रिंगची दोन वेटोळी कापा, पण कापलेलं टोक सपाट करून रिफिलकडे नको, पेनाच्या नाकाकडे बसवा.

७. लेथ नाही. तरी होईल?

होईल. बांबू घ्या, त्याला निसर्गानेच भोक दिलंय. मुख्य दांडा फार जाड पडतो, म्हणून बारीक फांद्या किंवा शेंड्याकडचा भाग पाहा. सिंधुदुर्गातला माणगा बांबू बराच भरीव असतो, त्यात भोक तुम्हाला पाडावं लागेल, पण भिंत मजबूत मिळते. खुबी अशी की पेर कापताना एक गाठ टोकाकडे ठेवायची. गाठीतला पडदा म्हणजे पेनाचं आयतं नाक: त्यात मधोमध २.५ मिमीचं भोक, मागची बाजू मोकळी, रिफिल मागून आत. खटक्याची चीर मात्र थेट बांबूत पाडू नका, तो उभा चिरतो. त्या भागात आतून पितळी नळी बसवा.

बांबूला भुंगा लागतो, आणि पेनातून पिवळी भुकटी गळायला लागली की उशीर झालेला असतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून सावलीत पूर्ण वाळवलेला बांबू वापरा.

दुसरा मार्ग तयार पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या नळीचा. नाकाचा छोटा तुकडा ड्रिलच्या चकमध्ये धरून, ड्रिल शिकंज्यात पक्कं करून, फिरत्या तुकड्यावर कानस धरली की बऱ्यापैकी गोल होतो. हातमोजे घालायचे नाहीत, ओढणी आणि सैल बाह्या बांधून ठेवायच्या, आणि कानशीला मूठ असलीच पाहिजे.

तिसरा मार्ग म्हणजे कातून घेणं. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी लेथवाल्यांची वाण नाही. फक्त हातात चित्र घेऊन जा, त्यावर मापं लिहा आणि रिफिल सोबत न्या. ‘पेनाएवढं’ असं सांगितलं तर पेनाएवढंच मिळेल.

८. लांब भोक नेहमी तिरकं बाहेर पडतं. काय करू?

शंभर मिलिमीटर खोल, सहा मिलिमीटरचं भोक म्हणजे ड्रिलला वाकायला भरपूर वाव. आधी आखूड सेंटर ड्रिलने सुरुवात करा. लांब ड्रिल एका दमात घालू नका. दर पाच-सात मिलिमीटरला बाहेर काढून भुसा झाडा. भुसा आत साठला की ड्रिल तापतं आणि भरकटतं. ॲक्रिलिक तर वितळून ड्रिलला चिकटतं, तिथे साबणाचं पाणी लावा. ६.२ ते ६.५ मिमीचं भोक पुरतं.

खरं उत्तर याहून सोपं आहे. भोक आधी पाडा, बाहेरचं अंग नंतर काता, आणि कातताना काम भोकाच्याच आधारावर धरा. मग भोक मूळ ठोकळ्यात थोडं तिरकं गेलं असलं तरी तयार पेनात ते मधोमधच असतं. त्यासाठी ठोकळा जरा जाड घ्यायचा, एवढंच.

९. दोन भाग जोडायला आटे कोणते? घरात एम८ चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आहे.

तो साधा एम८ असेल तर त्याचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी. त्याच्या जोडीच्या डायने बाहेरचे आटे पाडले की तळाशी व्यास सुमारे ६.४७ मिमी उरतो. तुमचं भोक ६.२ चं. म्हणजे भिंत दोन्ही बाजूंना मिळून पाव मिलिमीटर. पहिल्यांदा घट्ट आवळताच तुटणार.

बारीक पिच घ्या: एम८ × ०.७५. तळाचा व्यास सुमारे ७.०८ मिमी राहतो आणि प्रत्येक बाजूला ०.४४ मिमी भिंत मिळते. पितळेला ती पुरते, लाकडाला किंवा ॲक्रिलिकला नाही. त्यांच्यासाठी एम९ × ०.७५ किंवा एम१० × ०.७५ पाहा. टॅपच्या आधीचं भोक काढायचा ठोकताळा सोपा आहे: व्यासातून पिच वजा. एम८ × ०.७५ साठी ७.२५ मिमी. बारीक पिचचे टॅप-डाय कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे बहुधा नसतात. मुंबईत नागदेवी, पुण्यात बोहरी आळी, किंवा सरळ ऑनलाइन.

थेट लाकडात आटे पाडायचा मोह टाळा. बारीक आटे तंतूंबरोबर सुटून येतात. लाकडात पितळी नळीचा तुकडा चिकटवा आणि आटे त्याला पाडा.

१०. लाकूड कोणतं चांगलं? आणि पावसाळ्यात पेन अडतं, ते का?

घट्ट, बारीक तंतूंचं. शिसम, बाभूळ, चिंच, खैर ही मस्त कातली जातात. साग ओळखीचा म्हणून सगळे तोच घेतात, पण त्याचे छिद्राळ तंतू इतक्या बारीक कामात कडेला फुटतात. शिसमाची भुकटी काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, मास्क लावा. शिसमाचं पेन विकायला परदेशी पाठवायचं असेल तर आधी नियम तपासा, ती सगळी जात साइटीस या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे.

लाकूड ओलं झालं की आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ वाढत नाही. म्हणून जूनमध्ये तुमची लांबीची मापं चुकत नाहीत, भोक बदलतं. कोकणातल्या वाचकांचा हा प्रश्न दर वर्षी ठरलेला. उपाय एकच: आत पितळी नळी. नळीला बाहेरून पॉलिश पेपर घासून खरखरीत करा आणि अराल्डाइटने चिकटवा. फेविकॉल पितळेला धरत नाही.

११. वरून काय लावू? खोबरेल चालेल?

नाही. खोबरेल वाळत नाही, पेन तेलकटच राहतं. जवसाचं तेल वाळतं, पण कच्चं असेल तर फार दिवस घेतं. त्याच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

लेथ असेल तर माझी शिफारस लाखेची. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, आणि वरून केवड्याच्या जातीचं पान धरून चकाकी आणतात. पेनावर हे काम फार सुंदर दिसतं, हाताला गुळगुळीत लागतं आणि रसायनांचा वासही नाही. एकच दोष, उन्हात तापलेल्या गाडीत लाख मऊ पडते.

१२. पेन तयार झालं, पण नीट चालत नाही.

खटका अडकत नसेल तर बटणाला जादा हालचाल नाही (प्रश्न ३) किंवा स्प्रिंग पूर्ण दबतेय (प्रश्न ६). आधी स्प्रिंग काढून बटण दाबून पाहा. स्प्रिंगशिवाय ते पुरेसं खाली गेलं तर दोष स्प्रिंगचा.

रिफिल बाहेर येते पण आत परतत नाही: स्प्रिंग कमजोर, नाहीतर नाकाच्या भोकात आतून कूस आहे.

लिहिताना टोक खडखडतं: नाकाचं भोक मोठं झालंय. ३ मिमी पाडलं असेल तर तो तुकडा नव्याने करा, चिकटपट्टीचे जुगाड दोन दिवस टिकतात. टोकाचा व्यास मोजा आणि भोक जेमतेम ०.१ मिमी मोठं ठेवा. अगदी कंटाळा आला तर जुन्या पेनाचं धातूचं नाक बसवा.

टोक फारच बाहेर येतं किंवा पुरेसं येत नाही: दांडी मागून घासून कमी केली तर टोक जास्त बाहेर येतं. वाढवता येत नाही. म्हणून दांडी नेहमी एक मिलिमीटर लांब ठेवून, जोडून पाहून मगच अंतिम माप द्यायचं.

१३. क्लिप कशी करू?

०.५ मिमीच्या पितळी पट्टीची. कापून आकार द्या, पण तापवून लाल करू नका, तापवलं की पितळ मऊ पडतं आणि क्लिपची लवचीकता जाते. एका टोकाला कडं करून ते दोन भागांच्या मध्ये आवळा. नको असेल तर सरळ सोडून द्या, बिनक्लिपचं पेन टेबलावरून गडगडतं एवढंच.

१४. जेल रिफिल चालेल? आणि फाऊंटन पेनाला खटका लावता येईल?

पार्कर आकारात जेल रिफिल मिळते, ती तशीच बसते. फाऊंटन पेनाचं प्रकरण वेगळं आहे. निब उघडी राहिली की शाई वाळते, म्हणून आत गेल्यावर तोंड हवाबंद करणारी झडप लागते. जपानच्या पायलटने १९६३ साली कॅपलेस पेनात हे करून दाखवलं. घरी करायला ती झडप फार नाजूक आहे. फाऊंटन पेनच हवं असेल तर टोपण असलेलं करा. आंध्रातल्या राजमहेंद्रीला एबोनाइटची (कडक रबराची) हाताने केलेली पेनं गेल्या शतकाच्या तिशीपासून बनतात, नमुना म्हणून ती बघा.

१५. थ्रीडी प्रिंटरवर खटका छापला तर?

छापता येतो आणि प्रयोगाला झकास आहे, कारण मापं बदलून पुन्हा छापता येतात. दात्यांच्या तिरप्या बाजूंवर थरांच्या पायऱ्या राहतात, त्या घासून गुळगुळीत कराव्या लागतात. पीएलए, म्हणजे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं पेन ठेवल्यासारखं परत मिळणार नाही.

१६. परदेशी व्हिडिओत हरणाच्या शिंगाचं आणि काडतुसाच्या पुंगळीचं पेन करतात. आपल्याकडे?

दोन्ही नको. चितळ, सांबर यांची शिंगं, अगदी जंगलात आपोआप गळून पडलेलीही, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कक्षेत येतात. आणि शस्त्र कायदा, १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही धरलेत. विमानतळावर बॅगेत पुंगळी सापडली तर ‘हे पेन आहे’ हे समजावत बसावं लागेल. म्हशीचं शिंग पाळीव जनावराचं, ते वापरा. छान काळं चकाकतं, कातताना वास मात्र सहन करावा लागतो.

१७. मी डावखुरी आहे. बोल्ट ॲक्शनचं वळण माझ्यासाठी उलटं करायचं का?

हो, आणि हे चीर पाडण्याआधी ठरवा. कागदाची नळी दांडीवर गुंडाळा, चीर पेनाने रेखा, लिहायचं पेन धरतो तसं धरा आणि अंगठा खाली सरकवून तो सहज कुठे वळतो ते पाहा. डावखुऱ्यांचा बहुधा उजव्या हातवाल्यांच्या विरुद्ध बाजूला वळतो, पण सगळ्यांचा नाही, पकडीवर अवलंबून असतं. त्याच वेळी वळणाचा खाचा लिहिताना बोटाखाली येत नाही ना, तेही तपासा. येत असेल तर चीर दांडीभोवती पाव फेरा सरकवून रेखा, मगच पंच मारा.